दक्षिणेपासून दिल्ली किती दूर?

दोन नगरांमधील अंतर कोसांत सांगावयाचे असेल तर ते एकदाच सांगून भागते. दिवसांत सांगावयाचे म्हटले, की प्रत्येक शतकाला ते नव्याने सांगावे लागते. देवगिरीचा डोंगर आणि यमुनेचा काठ ही दोन्ही स्थळे चौदाव्या शतकात जेथे होती तेथेच आज आहेत. पुणे हलले नाही, मुंबईही हलली नाही. तरीही दक्षिणेतून दिल्लीस पोचावयास कधी चाळीस दिवस लागत, कधी साडेचार महिने लागले, आणि आज दोन-सव्वादोन तास पुरतात. या बदलाकडे आपण प्रवासाच्या सुखसोयींचा इतिहास म्हणून पाहतो. परंतु दिल्ली आणि महाराष्ट्र यांच्या संबंधात प्रश्न केवळ सुखाचा नव्हता. या वाटेवर लागणाऱ्या दिवसांनी राज्ये तारली आहेत आणि बुडविलीही आहेत.

दिल्लीच्या दक्षिण भागात मुनिरका नावाचे जाटांचे एक जुने गाव आहे. त्याची शेते रामकृष्णपुरम आणि इतर वसाहतींखाली गेली; दक्षिणेस १९६९ साली जवाहरलाल नेहरू विद्यापीठ स्थापन झाले; आणि गावाच्या अरुंद गल्ल्यांतील उंच घरांत आता देशाच्या सर्व प्रांतांतून आलेले विद्यार्थी व नोकरदार भाड्याने राहतात. त्यांत मराठी बोलणारेही असतात. या गावाच्या पूर्वेस, फार लांब नाही, बेगमपूरनजीक विजयमंडल नावाचे तुघलकी राजवाड्याचे भग्नावशेष उभे आहेत. त्याच दिशेने आणखी पुढे गेले की कालकाजीचे देवस्थान लागते. पश्चिमेस पालमचा विमानतळ आहे. तुघलकांचा वाडा, बाजीरावाची धाव जेथे पोचली तो देवीचा परिसर, आणि विमानांची धावपट्टी, ही तिन्ही स्थळे मुनिरक्यापासून थोड्याच मैलांवर असावीत, हा योगायोग खरा. पण दक्षिण आणि दिल्ली यांमधील अंतराचे तीन अध्याय त्यांत अनायासे एकत्र आले आहेत.

पहिला अध्याय महंमद तुघलकाचा. १३२७ च्या सुमारास या सुलतानाने देवगिरीला दौलताबाद असे नाव देऊन तेथे राजधानी नेण्याचा घाट घातला. दिल्लीतील अमीर-उमराव, विद्वान आणि सुफी यांना सहपरिवार दक्षिणेकडे निघावे लागले. पुढे काही वर्षांतच सुलतानाने हा बेत सोडला आणि लोकांना परत फिरण्याची मोकळीक दिली. इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी यानंतर थोड्याच वर्षांनी दिल्लीस आला. दिल्ली ते दौलताबाद ही चाळीस दिवसांची वाट असल्याचे त्याने नोंदविले आहे.

त्याच प्रवाशाने सुलतानाच्या टपालव्यवस्थेचे जे वर्णन केले आहे ते याहूनही उद्बोधक आहे. घोड्यांची डाक होती तशीच पायी धावणाऱ्यांचीही होती. पायीच्या डाकेची चौकी दर तिसऱ्या हिश्श्याच्या मैलाला असे. धावणाऱ्याच्या एका हातात पत्र आणि दुसऱ्या हातात काठी. काठीच्या टोकाला तांब्याची घुंगरे. घुंगरांचा आवाज कानी पडताच पुढील चौकीवरचा माणूस कंबर बांधून उभा राही, पत्र घेई आणि धावू लागे. सिंधपासून दिल्लीपर्यंतची वाट पन्नास दिवसांची. परंतु बातमीदारांची पत्रे सुलतानाला पाचच दिवसांत मिळत, असे इब्न बतूता सांगतो. याचा अर्थ असा, की माणसाचा वेग आणि बातमीचा वेग हे दोन वेगळे असू शकतात, ही गोष्ट त्या काळच्या राज्यकर्त्यांना पुरती उमगली होती. माणूस थकतो, बातमी थकत नाही. मात्र तिला वाहणारे पाय वेळोवेळी बदलावे लागतात. अशी पाय बदलणारी व्यवस्था जोवर खर्च सोसून राखली जाते तोवरच दूरचे राज्य जवळचे राहते.

दुसरा अध्याय मराठ्यांचा आहे, आणि तो विस्ताराने सांगण्याजोगा आहे. १७१९ साली बाळाजी विश्वनाथ पेशवा सय्यद बंधूंच्या साहाय्यास दिल्लीपर्यंत गेला आणि चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन परतला. महाराणी येसूबाईंची सुटका याच वेळी झाली. वसंतात दिल्ली सोडलेला पेशवा साताऱ्यास पोचला तेव्हा पावसाळा लागलेला होता. त्या स्वारीबरोबर गेलेले महादेवभट हिंगणे हे वकील म्हणून दिल्लीकडे राहिले, आणि पुढे त्यांचे पुत्र बापूजी, दामोदर आणि पुरुषोत्तम यांनी ती वकिली चालविली. भारत इतिहास संशोधक मंडळाने प्रसिद्ध केलेल्या हिंगणे दप्तरामुळे या घराण्याचा पत्रव्यवहार आज अभ्यासकांस उपलब्ध आहे. दिल्ली दरबारात काय शिजते आहे ते दक्षिणेस कळविणे हेच या घराण्याचे काम.

ही पत्रे जात ती जासुदांच्या पायांनी. जासूद सहसा जोडीने निघत. वाट साधारणपणे आग्रा, धोलपूर, ग्वाल्हेर, नरवर, सिरोंज यांवरून नर्मदेपर्यंत आणि तेथून बऱ्हाणपूरमार्गे दक्षिणेत उतरे. चंबळ आणि नर्मदा या दोन नद्या त्या वाटेवरील खऱ्या वेशी होत. पावसाळ्यात त्या भरल्या म्हणजे फौजा थांबत. वाटेत ठग-पेंढारी, शत्रूच्या चौक्या आणि आजारपण यांचे भय होतेच. म्हणून महत्त्वाचा मजकूर एकाहून अधिक वाटांनी धाडण्याची रीत होती. एवढे करूनही पत्र पुण्यास पोचेपर्यंत काही आठवडे सहज जात, आणि उत्तर दिल्लीस पोचेपर्यंत तितकेच आणखी. पुण्यात बसलेल्या मुत्सद्द्यांना दिसणारी दिल्ली ही नेहमीच काही आठवड्यांपूर्वीची दिल्ली असे.

थोरल्या बाजीरावाने हे अंतर एकदा आपल्या बाजूने वळविले. १७३७ च्या वसंतात मल्हारराव होळकरांच्या तुकडीला यमुनेपलीकडे सादतखानाकडून मार खावा लागला. तेवढ्या विजयावर सादतखानाने बादशहाला कळविले, की मराठ्यांना चंबळेपार हाकून लावले आहे. दिल्लीत आनंदीआनंद झाला. या खोट्या बातमीला खरे उत्तर पत्राने देता येण्यासारखे नव्हते. ते स्वतः दिल्लीत दिसूनच द्यावे, असा निश्चय बाजीरावाने केला. मथुरा-आग्र्याच्या बाजूस गुंतलेल्या मोगली फौजांना चुकवून, जड सामान मागे ठेवून, आडवाटेने लांब मजला मारीत तो कालकाजीच्या परिसरात येऊन धडकला. मराठे चंबळेपार गेल्याची बातमी ज्या दरबाराने नुकतीच साजरी केली होती, त्याच दरबाराला मराठ्यांची धूळ शहराबाहेर दिसू लागली. तेथे सामन्यास आलेल्या बादशाही तुकडीचा पराभव करून, मागून धावत येणाऱ्या मोठ्या फौजा पोचण्याच्या आत बाजीराव रेवाडी-कोटपुतळीच्या रोखाने निघूनही गेला. राजधानी जाळावयाची नाही, आपले सामर्थ्य दाखवावयाचे, एवढाच त्याचा हेतू होता. या मोहिमेचे सारे मर्म एका गोष्टीत होते : बाजीरावाचे घोडेस्वार बातमीच्या बरोबरीने, किंबहुना तिच्या पुढे धावले.

तेवीस वर्षांनंतर तेच अंतर मराठ्यांवर उलटले. दत्ताजी शिंदे १० जानेवारी १७६० रोजी दिल्लीजवळ बुराडी घाटावर पडला. ही बातमी अहमदनगरच्या बाजूस असलेल्या नानासाहेब पेशव्यास फेब्रुवारीच्या मध्यास मिळाली. म्हणजे वार्तेलाच एक महिना लागला. नंतर विचारविनिमय होऊन सदाशिवरावभाऊंनी परतूडहून १४ मार्चला कूच केले. पावसाळ्यापूर्वी यमुना उतरून अब्दालीला दुआबात गाठावे हा बेत भरलेल्या नद्यांनी हाणून पाडला, आणि भाऊंनी दिल्ली हस्तगत केली ती ऑगस्टच्या आरंभी. दत्ताजीच्या मृत्यूपासून दिल्लीवर पुन्हा मराठ्यांचा अंमल बसेपर्यंत जवळजवळ सात महिने उलटले होते. त्या सात महिन्यांत अब्दालीने उत्तरेतच छावणी ठेवली, नजीबखानाच्या खटपटीने अयोध्येचा नवाब शुजाउद्दौला त्याला मिळाला, आणि युद्धाचे स्वरूपच पालटले. भाऊ ज्या परिस्थितीला तोंड देण्यास परतूडहून निघाले होते, ती परिस्थिती ते दिल्लीस पोचले तेव्हा शिल्लक राहिली नव्हती.

ऑक्टोबरच्या अखेरीस अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून मराठ्यांच्या मागे आला आणि दक्षिणेची वाट तुटली. येथून पुढे पानिपतच्या छावणीतून पत्र सुखरूप निघणे हीच एक लढाई झाली. रसद पुरविणारा गोविंदपंत बुंदेला डिसेंबरात मारला गेला. छावणीत माणसे आणि जनावरे उपाशी मरू लागली. याच डिसेंबरच्या अखेरीस नानासाहेब पेशव्याचे दुसरे लग्न पैठण येथे झाले. या लग्नावरून नानासाहेबास पुष्कळ दोष दिला गेला आहे, आणि त्याचा काही भाग योग्यही असेल. पण न्याय करताना एक गोष्ट विसरता कामा नये. पैठणच्या मांडवात पानिपतची भूक दिसत नव्हती. ती दाखवू शकणारी पत्रे वाटेत होती, किंवा वाटेतच संपली होती. लग्नानंतर पेशवा फौज घेऊन उत्तरेकडे निघालाच. पण तो ज्या युद्धात मदत करावयास चालला होता ते युद्ध त्याच्या वाटचालीतच संपले.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर संहार झाला. २४ जानेवारीस पेशवा भेलशास, म्हणजे आजच्या विदिशेस, असताना एका सावकारी पत्रातून त्याला तो अनर्थ कळला. सरकारी जासुदांच्या आधी पेढीचे पत्र आले, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. व्यापाऱ्यांच्या कासिदांची साखळी पराभवातही तुटली नव्हती. पानिपत ते विदिशा हे सरळ रेषेतील अंतर सुमारे साडेसहाशे किलोमीटर भरते. ते ओलांडावयास त्या वार्तेला दहा दिवस लागले. ते दहा दिवस विश्वासराव आणि भाऊ नानासाहेबाच्या हिशेबी जिवंत होते. त्यांच्या भेटीसाठी तो रोज मजला करीत होता. पुत्र आणि चुलतभाऊ यांच्या शोकाने खचलेला हा पेशवा त्याच वर्षी २३ जून रोजी पर्वतीवर मरण पावला.

पानिपताची कारणे अनेक सांगितली जातात आणि त्यांतील बहुतेक खरी आहेत. पण त्या सर्व कारणांच्या मुळाशी हे साधे अंतर आहे. निर्णय घेणारे मन दक्षिणेत, निर्णयाचे फळ भोगणारी शरीरे उत्तरेत, आणि दोहोंमध्ये महिनाभराची वाट; अशा रीतीने एवढे मोठे राज्य फार काळ चालविणे कठीण होते. पुढील पिढीत महादजी शिंद्यांनी यावर स्वतःपुरता तोडगा काढला. ते उत्तरेतच राहिले. १७७२ च्या जानेवारीत शहा आलम बादशहा मराठ्यांच्या आश्रयाने दिल्लीत आला आणि नंतर अनेक वर्षे दिल्लीचा कारभार महादजींच्या हातात राहिला. परंतु दिल्लीजवळ राहिले म्हणजे पुणे दूर पडते. १७९२ साली महादजींना पेशव्याची भेट घेऊन नाना फडणिसांशी असलेले प्रश्न मिटविण्यासाठी दक्षिणेत यावे लागले, आणि १७९४ च्या फेब्रुवारीत वानवडी येथेच त्यांचे देहावसान झाले. अंतर नाहीसे करता येत नाही, ते फक्त एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर ढकलता येते, हेच त्यांच्या चरित्रावरून दिसते.

हे अंतर खऱ्या अर्थाने प्रथम तोडले ते तारेने. ११ मे १८५७ रोजी दिल्लीच्या तारघरातून अंबाल्यास गेलेली तार प्रसिद्ध आहे. दिल्लीत उठाव झाल्याचे वृत्त त्या तारेने काही घटकांत पंजाबातील इंग्रज अधिकाऱ्यांस दिले आणि त्यांना सावध होण्यास अवसर मिळाला. त्या तारेचा मार्ग पानिपतच्या प्रदेशातूनच जात होता. मग आगगाडी आली. १८७० साली जबलपूर येथे लोहमार्ग जुळले आणि अलाहाबादवरून मुंबई दिल्लीशी जोडली गेली. १९१२ साली पंजाब मेल आणि १९२८ साली फ्रंटियर मेल सुरू झाली, तेव्हा मुंबईचा उतारू साधारण एका अहोरात्रात दिल्लीचे स्टेशन पाहू लागला. जासुदांच्या आठवड्यांचे आता तास झाले होते.

तिसरा अध्याय आकाशाचा. हिंदुस्थानात विमानातून टपाल प्रथम गेले ते १८ फेब्रुवारी १९११ रोजी, अलाहाबादहून यमुनेपलीकडील नैनीस. हेन्री पेके या फ्रेंच वैमानिकाने सुमारे साडेसहा हजार पत्रे अवघे सहा मैल, तेरा मिनिटांत नेली. १९२९ साली लंडन-कराची हवाई टपाल सुरू झाले आणि वर्षाखेरीस ते दिल्लीपर्यंत वाढविण्यात आले. दिल्लीचे विमान उतरे ते विलिंग्डन विमानतळावर. स्वातंत्र्यानंतर त्याला सफदरजंग हे नाव मिळाले. मुंबईस मात्र हे टपाल कराचीहून आगगाडीने येई. ही उणीव भरून काढली ती जे. आर. डी. टाटा यांनी. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी ते एका इंजिनाच्या लहानशा पस मॉथ विमानातून कराचीहून टपाल घेऊन निघाले आणि अहमदाबाद येथे थांबून दुपारी जुहूच्या मैदानावर उतरले. सिंध त्या वेळी मुंबई इलाख्यातच मोडत होता. पुढे १९३७ च्या नोव्हेंबरात टाटांनी मुंबई-दिल्ली विमानसेवा सुरू केली. तिचे थांबे होते इंदूर, भोपाळ आणि ग्वाल्हेर. ही नावे वाचली म्हणजे इतिहासाच्या विद्यार्थ्याला क्षणभर थबकावे लागते. होळकरांचे इंदूर, शिंद्यांचे ग्वाल्हेर. मराठी फौजा जेथे मुक्काम करीत त्याच प्रदेशांत विमाने इंधनासाठी उतरू लागली. जमिनीची घडण माणसाच्या वाहनापेक्षा अधिक चिवट असते, हेच खरे.

स्वतंत्र भारताने या वाटेवर जो प्रयोग केला त्याचे केंद्र नागपूर होते. १९४९ च्या जानेवारी अखेरीस रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून सायंकाळनंतर विमाने निघत, मध्यरात्रीच्या सुमारास ती नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत, टपालाच्या थैल्या आणि उतारू यांची अदलाबदल होई, आणि पहाटेपर्यंत प्रत्येक विमान आपापल्या नगरीस परत जाई. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून साधी पत्रेही जादा आकार न घेता विमानाने जाऊ लागली. संध्याकाळी मुंबईस पेटीत पडलेले पत्र दुसऱ्या दिवशी दिल्लीत वाटले जाऊ लागले. इब्न बतूताच्या काळातील चौकीचे तत्त्व यात पुन्हा अवतरले : एकाने आणावे, दुसऱ्याने न्यावे, आणि मध्ये कोणी खोळंबू नये. फरक एवढाच, की आता साऱ्या देशाला मिळून एकच चौकी पुरत होती, आणि ती नागपुरास होती.

१९६२ साली दिल्लीची प्रवासी विमाने सफदरजंगहून पालमला जाऊ लागली. जेट विमानांच्या युगाला लांब धावपट्टी हवी होती आणि दुसऱ्या महायुद्धात बांधलेला पालमचा तळ त्यासाठी सोयीचा होता. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात चिनी आक्रमणाच्या संकटात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांना संरक्षणमंत्रिपदासाठी दिल्लीस पाचारण झाले. हिमालयाच्या मदतीस सह्याद्री धावून गेला, असे महाराष्ट्रात तेव्हा म्हटले गेले. भाऊंच्या कूचेची आठवण अनेकांना झाली असल्यास नवल नाही. पण साडेचार महिन्यांच्या जागी आता काही तासांचे उड्डाण होते. आणि तरीही, २१ नोव्हेंबर रोजी चव्हाणांनी शपथ घेतली त्याच दिवशी चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. त्यांच्यापुढे काम उरले ते लढाई चालविण्याचे नव्हे, तर सैन्याची उभारणी नव्याने करण्याचे. वाहनाचा वेग कितीही वाढला तरी घटना माणसाची वाट पाहत थांबत नाहीत.

आज दिल्ली आणि मुंबई या विमानतळांमधील सरळ अंतर सुमारे ११४० किलोमीटर आणि दिल्ली-पुणे हे अंतर साधारण ११६० किलोमीटर आहे. जेट विमान ते पावणेदोन तासांच्या आसपास कापते. वेळापत्रकात मात्र सव्वादोन तासांपर्यंत वेळ धरलेला असतो. धावपट्टीपर्यंत सरकणे, उड्डाणाची पाळी येणे, उतरण्यापूर्वी आकाशात घिरट्या घालणे, यांसाठी हा जादा वेळ राखून ठेवावा लागतो. जानेवारीत दिल्लीवर दाट धुके उतरले म्हणजे हे वेळापत्रकही कोलमडते. पूर्वी नर्मदा जे करी ते आता धुके करते, फक्त महिन्यांऐवजी तासांच्या मापाने. पानिपतची वार्ता दहा दिवसांत जेवढी वाट चालून गेली, तेवढी वाट हे विमान तासाभराच्या आत मागे टाकते.

मुनिरक्याहून विमानतळाला जाण्यासाठी २०१८ सालापासून मेट्रो आहे. तिसरे स्थानक विमानतळाच्या पहिल्या टर्मिनलचे. त्याच मार्गाने उलट दिशेस बसले तर गाडी कालकाजी मंदिराच्या स्थानकास जाते. एका टोकाला बाजीराव बातमीच्या पुढे धावला ती भूमी आणि दुसऱ्या बाजूस विमानांचा तळ, अशी ही वाट आहे. मुनिरक्यात खोली घेऊन राहणाऱ्या मराठी मुलाची खुशाली आज त्याच्या आईला एका क्षणात कळते. आणि वडिलांच्या आजारपणाचे वृत्त सकाळी आले तर संध्याकाळच्या आत तो घराच्या उंबरठ्यावर उभा राहू शकतो. नानासाहेबाजवळ फौज होती, खजिना होता, देशभर पसरलेले सरदार होते. परंतु एवढी एक गोष्ट नव्हती. दक्षिणेपासून दिल्ली किती दूर या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच कोसांत पाहू नये. वार्ता कळल्यावर तिचा उपयोग होईल इतका अवकाश माणसाच्या हाती उरतो की नाही, यावरच ते अवलंबून असते.